ब्रेकचें गाऱ्हाणें

वेगाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. थांबण्याचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहितो. वाफेचें एंजिन प्रथम कोणीं चालविलें, ताशीं अमुक मैलांचा वेग कोणत्या सालीं गांठला गेला, हें शाळकरी मुलालाहि पाठ असतें. पण तीच गाडी उतारावर कशी आवरीत असत, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वास्तविक पाहतां, ज्या यंत्राला थांबतां येत नाहीं त्याला चालतां येतें असें म्हणणेंच व्यर्थ होय. घोड्याला लगाम, बैलाला वेसण आणि हत्तीला अंकुश हीं साधनें ज्या समाजानें प्राचीन काळापासून जाणलीं, त्याला हें निराळें सांगावयास नको. यंत्राचा लगाम म्हणजे ब्रेक. या लगामाच्या इतिहासांत शोधकांच्या बरोबरीनें एका उपेक्षित वर्गाचा वाटा आहे. तो वर्ग म्हणजे गाऱ्हाणें घेऊन येणारांचा. त्याच्या कामगिरीचा परामर्श घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

या इतिहासाचा आरंभ आगगाडीपासून करावा लागतो. पहिल्या आगगाड्यांत ब्रेक लावणें हें मनुष्याच्या मनगटाचें काम असे. एंजिन चालविणारानें शिटी द्यावी आणि गार्ड व त्याचे साथीदार यांनीं आपापल्या डब्यांत चाक फिरवून ब्रेक आवळावे, अशी ती व्यवस्था होती. अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें १८६९ सालीं दाबलेल्या हवेच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. सर्व डब्यांचे ब्रेक आतां एकाच वेळीं लावतां येऊं लागले. पण हवेची नळी फुटली तर ब्रेकच नाहींसा होई. तेव्हां त्यानेंच १८७२ सालीं उलट युक्ति काढली. नळींत दाब असेल तोंवर ब्रेक सुटलेले राहावे, आणि नळी तुटली किंवा डबे विलग झाले कीं ते आपोआप लागावे, अशी ही रचना होती. स्वयंचलित ब्रेकची कल्पना ती हीच. आपल्याकडील आगगाडीच्या डब्यांतील धोक्याची साखळी ओढली असतां गाडी थांबूं लागते, तीहि याच तत्त्वावर.

शोध लागला म्हणून तो स्वीकारला गेला असें मात्र झालें नाहीं. ब्रिटनमध्यें सरकारचे रेल्वे-निरीक्षक अपघातामागून अपघाताचे अहवाल लिहून अशा ब्रेकची शिफारस करीत होते आणि कित्येक कंपन्या तिच्याकडे काणाडोळा करीत होत्या. पुढें १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांतील आर्मा गांवाजवळ, सहलीस निघालेली, मुलांनीं भरलेली गाडी चढणीवर अडकली. तिचा ब्रेक आपोआप लागणाऱ्या जातीचा नव्हता. एंजिनाला भार झेपेना म्हणून गाडीचे दोन भाग करण्यांत आले. मागचे डबे सोडतांच त्यांच्यापुरता मुख्य ब्रेक नाहींसा झाला; गार्डच्या हातब्रेकाला तें ओझें पेललें नाहीं; आणि ते डबे उतारावरून मागें धांवत जाऊन पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारें ऐंशी माणसें प्राणांस मुकलीं आणि त्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती. त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा करून प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. हा कायदा इतक्या त्वरेनें झाला याचें एक कारण असें कीं, काय करावयास हवें हें त्या जुन्या अहवालांत लिहूनच ठेवलेलें होतें. ज्या गाऱ्हाण्याकडे वर्षानुवर्षें कोणीं लक्ष दिलें नाहीं, तेंच शेवटीं उपयोगीं पडलें.

मोटारीचा जन्म झाला तेव्हां हा सारा धडा नव्यानें गिरवावा लागला. आरंभींच्या बहुतेक मोटारींस ब्रेक असे तो मागच्या चाकांनाच. १९२० नंतरच्या दशकांत चारी चाकांना ब्रेक बसविण्याची पद्धत पसरूं लागली, तेव्हां अमेरिकेंत प्रतिस्पर्धी कारखानदारांनीं तिच्याविरुद्ध ओरड केली कीं, इतक्या जोरानें थांबणारी गाडी घसरेल व उलटेल. माल्कम लॉकहीड यानें काढलेला, द्रवाच्या दाबावर चालणारा ब्रेक १९२१ च्या सुमारास ड्यूझेनबर्ग गाडीच्या चारी चाकांवर आला; पण फोर्डच्या गाड्यांना तो मिळावयास १९३९ साल उजाडलें. त्या काळांतील एक गंमत येथें नमूद करण्याजोगी आहे. नव्या ब्रेकची गाडी इतक्या लवकर थांबे कीं मागून येणारी जुन्या ब्रेकची गाडी तिच्यावर जाऊन आदळण्याची भीति वाटे. म्हणून तिच्या पाठीवर चारी चाकांच्या ब्रेकचा इशारा देणारी पाटी लावीत असत. ही पाटी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. शंभर वर्षांनीं तिची आठवण पुन्हां व्हावयाची आहे.

यंत्र सुधारलें, पण गाऱ्हाणें न्यावें कोणाकडे? हा प्रश्न कायद्याचा होता. मोटार विकत घ्यावयाची ती दुकानदाराकडून; कारखानदाराशीं गिऱ्हाइकाचा करार नाहीं; सबब कारखानदार त्याला जबाबदार नाहीं, असा जुना न्याय होता. न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयानें १९१६ सालीं ब्यूइक मोटारीच्या खटल्यांत हा न्याय मोडला. त्या गाडीच्या चाकाचें लांकूड सदोष होतें. चाक मोडलें आणि मालक जखमी झाला. चाक दुसऱ्या कारखान्यांत झालें होतें, गाडी तिसऱ्यानें विकली होती. तरीहि तपासणी करून मगच गाडी बाहेर काढणें हें बनविणाराचें कर्तव्य होय, असें न्यायमूर्ति कार्डोझो यांनीं ठरविलें. गाऱ्हाण्याला प्रथमच योग्य दार सांपडलें.

तथापि न्यायालयाचें दार ठोठावण्यास आधीं हात किंवा पाय मोडावा लागे. अपघातापूर्वींच ऐकून घेणारें कोणी नव्हतें. १९६५ सालीं राल्फ नेडर यांचें मोटारींच्या धोक्यांवरील पुस्तक निघालें, लोकमत खवळलें आणि १९६६ सालीं अमेरिकेनें वाहन-सुरक्षिततेचा कायदा केला. दोष आढळल्यास कारखानदारानें मालकांस तसें कळवावें असा नियम झाला. आणि १९७४ च्या दुरुस्तीनें ती दुरुस्ती फुकट करून देण्याचें बंधन आलें. सामान्य मालकाचें पत्र आतां सरकारी दफ्तरांत नोंदलें जाऊं लागलें. एका माणसाचें म्हणणें ही कुरकुर ठरते. तेंच म्हणणें शंभर ठिकाणांहून, एकमेकांस न ओळखणाऱ्या शंभर माणसांकडून आलें म्हणजे तो पुरावा होतो. नोंदवहीचें सामर्थ्य तें हेंच.

परंतु गाऱ्हाणें करणारा नेहमीं बरोबरच असतो असें मानणें हाहि भाबडेपणा होय. १९८० नंतरच्या दशकांत ऑडी ५००० या गाडीविषयीं अमेरिकेंत अशा तक्रारींचा पाऊस पडला कीं, पाय ब्रेकवर असतांना गाडी एकाएकीं उसळून धांवते. १९८६ सालीं दूरचित्रवाणीवर त्याचा बोभाटा झाला आणि गाडीचा खप कोसळला. सरकारी चौकशीचा निष्कर्ष १९८९ सालीं बाहेर आला तो असा कीं, बहुतेक प्रसंगीं ब्रेक म्हणून चालकानें वेगाचें पेडल दाबलें होतें. मग तक्रारी व्यर्थ गेल्या काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ब्रेकवर पाय ठेवल्यावांचून गिअरचा दांडा उभ्या स्थितींतून हलूं नये अशी योजना त्यानंतर सर्वत्र रूढ झाली आणि तशी चूक होण्याची वाटच पुष्कळशी बंद झाली. तक्रारदाराचें निदान चुकीचें असलें तरी त्याचें दुखणें खरें असूं शकतें, हें वैद्यांना ठाऊक असलेलें सत्य यंत्रज्ञांनाहि शिकावें लागलें.

याच्या उलट उदाहरण २०१० सालचें आहे. टोयोटाच्या प्रायस गाडीचा ब्रेक खाचखळग्यांवरून किंवा निसरड्या जागेवरून जातांना क्षणभर सुटल्यासारखा वाटतो, अशा १२४ तक्रारी अमेरिकेच्या सरकारी खात्याकडे आल्या होत्या. या गाडींत थांबतांना विजेच्या यंत्राचा आणि नेहमींच्या ब्रेकचा असा दुहेरी कारभार असतो, आणि त्यांच्या मेळाचें काम संगणकाच्या आज्ञावलीकडे असतें. दोष त्या आज्ञावलींत निघाला. कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या गाड्यांत ती जानेवारींतच सुधारण्यांत आली होती. जुन्या मालकांना मात्र फेब्रुवारींत, चोहोंकडून गवगवा झाल्यावर, बोलावणें गेलें. जगभरच्या सुमारें ४,३७,००० गाड्या परत मागविल्या गेल्या. येथें झिजलेलें असें कांहींच नव्हतें. गाडीखालीं शिरून पाहणाऱ्या मिस्त्रीला ही खोट जन्मांत सांपडली नसती. तिचा पत्ता लागला तो चालकांच्या पायांना आलेल्या अनुभवांच्या नोंदीवरून.

येथून आपण आजच्या प्रश्नाशीं येऊन पोंचतों. पूर्वींच्या ब्रेकला हुकूम देणारा पाय माणसाचा होता. होंडा कंपनीनें २००३ सालीं जपानांत आणि वोल्व्होनें २००८ सालीं यूरोपांत अशा गाड्या आणल्या कीं ज्या रडार, कॅमेरा किंवा लेझर यांच्या साहाय्यानें पुढचा अडथळा स्वतःच ओळखून ब्रेक लावतात. या योजनेचें हित निर्विवाद आहे. पुढच्या गाडीवर मागून आदळण्याचे प्रकार तिच्यामुळें जवळजवळ निम्म्यानें कमी होतात, असें अमेरिकेंतील विमा-संस्थांच्या अभ्यासांत आढळलें आहे. पण तिच्याबरोबर एक सर्वस्वीं नवें गाऱ्हाणें जन्मास आलें. आजवर लोक म्हणत, ब्रेक लागला नाहीं. आतां ते म्हणूं लागले, आम्ही न लावतां तो लागला! मोकळ्या रस्त्यावर, समोर कोणी नसतांना, भरवेगांतील गाडी एकाएकीं जागींच आवरते. फेब्रुवारी २०२२ मध्यें अशा ३५४ तक्रारींवरून टेस्लाच्या सुमारें ४,१६,००० गाड्यांची, आणि २७८ तक्रारींवरून होंडाच्या सुमारें १७ लाख गाड्यांची चौकशी अमेरिकेंत सुरू झाली. अशा वेळीं धोका असतो तो पाठीमागच्या गाडीला. शंभर वर्षांपूर्वींची ती पाटी येथें पुन्हां डोळ्यांसमोर येते.

हें कां घडतें? रडारला दिसतें तें प्रतिबिंब. रस्त्यावर टाकलेला लोखंडी पत्रा, वरून गेलेला पूल, वळणावरचा खांब यांपासूनहि तें परत येतें. अडथळा कोणता आणि भास कोणता याचा निवाडा क्षणार्धांत करावयाचा असतो. घरराखणीचा कुत्रा पान हाललें तरी भुंकूं लागला तर घरचीं माणसें त्याला बांधून घालतात. आणि तो फारच शांत असला तर चोराचें फावतें. यंत्राचा हा तिखटपणा किती ठेवावा हाच कारखानदारांपुढचा पेंच आहे. अवेळीं भुंकणाऱ्या ब्रेकला कंटाळून मालकानें तो बंदच करून टाकला तर खऱ्या संकटांत त्याला वाली कोण? म्हणून अमेरिकेनें २०२४ सालीं जे नियम जाहीर केले त्यांत ब्रेक वेळेवर लागतो कीं नाहीं याच्या परीक्षेबरोबरच, रस्त्यावरील लोखंडी पत्र्यावरून किंवा दोन उभ्या गाड्यांमधून जातांना तो उगाच लागत नाहीं ना, याचीहि परीक्षा घातली आहे. तक्रारींतून अनुभव, अनुभवांतून चौकशी आणि चौकशींतून परीक्षा, असा हा क्रम आहे.

आपल्या देशाकडे पाहूं. येथें ब्रेक निकामी झाल्याची सबब अपघाताच्या खटल्यांत वारंवार ऐकूं येते. मुंबई उच्च न्यायालयाकडून गेलेल्या अशा एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं स्पष्ट केलें कीं, दोष लपलेला होता आणि योग्य ती सर्व काळजी घेऊनहि तो कळूं शकला नाहीं, हें सिद्ध करण्याचा भार गाडीच्या मालकावर आहे. पायाखालीं ब्रेक असतांना हा न्याय योग्यच होता. पण जेथें ब्रेक कधीं लावावा हें कारखान्यांत लिहिलेली आज्ञावली ठरविते, तेथें मालकानें कोणती काळजी घ्यावी आणि कशी सिद्ध करावी? २०१९ सालच्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत गाड्या परत मागविण्याचें कलम आलें, आणि ठराविक प्रमाणांत मालकांनीं एकच दोष कळविल्यास सरकारला तसा हुकूम काढतां येतो; त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. कलमांत अशी गणना आहे, हें आम्ही शुभचिन्ह समजतों. मात्र मोजावयाचें तर आधीं कोणीं तरी सांगितलें पाहिजे.

आणि नेमकें येथेंच आपलें घोडें अडतें. आपला मध्यमवर्ग सोशिक आहे. गाडी एकदां अवचित थांबली तर तो देवाचे आभार मानून पुढें जातो. दुसऱ्यांदा थांबली तर दुकानदाराकडे जातो. तेथें यंत्रांत कांहीं दोष दिसत नाहीं असें ऐकून परत येतो आणि शेजाऱ्यापाशीं कुरकुर करितो. आमच्या रस्त्यांवर दोन गाड्यांमध्यें हातभर अंतर ठेवण्याची रीत. मधून दुचाकी शिरते, गाय आडवी बसते. अशा ठिकाणीं चुकून लागलेला ब्रेक आणि चुकून न लागलेला ब्रेक हे दोन्ही सारखेच घातक. मालकानें तारीख, जागा, वेग आणि प्रसंग लिहून ठेवून तें दुकानदारास व सरकारी खात्यास लेखी कळविलें तर त्यांत भांडखोरपणा नाहीं. त्या ओळींचा उपयोग त्याला होईलच असें नाहीं. तशीच गाडी चालविणाऱ्या एखाद्या अनोळखी कुटुंबाला तो होईल.

आर्माच्या मुलांना जुन्या अहवालांचा उपयोग झाला नाहीं. त्यांच्यामागून आगगाडींत बसलेल्या असंख्य मुलांना झाला. यंत्रावर विश्वास टाकावा हें खरें, परंतु तो डोळस असावा. आणि यंत्र चुकतें तेव्हां तें सांगण्याचा कंटाळा नसावा. घोड्याच्या लगामाला धरणारा हात एक असे. आजच्या यंत्राचा लगाम पुष्कळांनीं मिळून धरावयाचा आहे.