पाच घरांचे झबले

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात असा आग्रह झाला, तेव्हा ट्रंकेतले एक जुने झबले पुढ्यात घेऊन बसले. इतिहास म्हटला की आपल्याला गड आणि लढाया आठवतात. पण घरच्या शिवणालाही इतिहास असतो.

माझा जन्म १९४४ सालचा, पुण्यातल्या एका वाड्यातला. माझ्याआधी आईची दोन मुले गेली होती. असे दुःख त्या काळी पुष्कळ घरांत होते. पुढचे मूल जगावे म्हणून त्याचे नाव भिकू, धोंडू, दगडू असे ठेवीत आणि मागून आणलेल्या कापडाचे अंगडे त्याला घालीत. मलाही काही वर्षे भिकीच म्हणत. आजीने ठरविले, पाच घरी कापड मागायचे.

पण दिवस महायुद्धाचे. कापडाची टंचाई होती, भाव भडकले होते आणि १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले होते. जी शेजारीण स्वतःच ठिगळाचे लुगडे नेसते, तिच्यापुढे पदर कसा पसरावा? आई सांगे, "जीभच उचलेना." तरी पाचही घरांनी दिले. कुणी धोतराचा तुकडा, कुणी विटलेल्या लुगड्याचा. एकीने तर उशीचा अभ्राच उसवून दिला.

अमेरिकेत सिंगर यांनी आपल्या शिवणयंत्राचे पेटंट १८५१ साली घेतले. पण आमच्या वाड्यात १९४४ सालीही यंत्र नव्हते. आईने सारे हातानेच शिवले. माप वितीचे आणि बोटांचे. तुकडे जोडून एक कापड केले, त्याची चौघडी घालून गळा कापला आणि बाह्या अंगातच धरल्या, म्हणजे खांद्यावर शिवण येत नाही. बाजू धावदोऱ्याने जोडल्या. कोवळ्या कातडीला काचू नये म्हणून शिवणी बाहेरच्या अंगाला ठेवल्या. मूल गुंडी तोंडात घालते, म्हणून पाठीशी बंद लावले. धुऊन धुऊन मऊ झालेले जुने कापड बाळाला बोचत नाही. तेव्हा त्या रीतीत भीतीबरोबर शहाणपणही होते.

झबल्यामुळे मी जगले, असे मी म्हणणार नाही. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात हजारातली सुमारे १४६ मुले वर्षाच्या आतच जात. २०२० साली हा आकडा २८ वर आला. त्याचे श्रेय लसींना, औषधांना आणि सुरक्षित बाळंतपणाला. पण दोन पाळणे रिकामे झालेल्या बाईला तिसऱ्या वेळी धीर दिला, तो त्या पाच घरांनी.

आज तयार झबली दुकानात हवी तितकी मिळतात. तरीही आपल्यापैकी कुणाकडे बारसे असेल, तर माझ्याकडे जुन्या लुगड्याचा तुकडा अवश्य मागावा. सुईदोरा घेऊन मीच येईन.