परीखान्यातील विद्यापीठ

लखनौच्या कैसरबागेतील परीखाना ही अवधचे अखेरचे नवाब वाजिद अली शाह यांच्या काळातील वास्तू. 1847 मध्ये गादीवर आलेल्या या कलासक्त नवाबांनी येथे नृत्य-गायनाच्या तालमीची व्यवस्था केली. 1856 मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि नवाबांना कलकत्त्याजवळील मटियाबुर्जला जावे लागले. 1857 च्या उठावानंतर कैसरबागेचा बराच भाग पाडला गेला. परीखाना मात्र टिकला.

या वास्तूत पुन्हा सूर घुमले, त्यामागे एका मराठी माणसाची तपश्चर्या होती. मुंबईचे वकील पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर फिरून बंदिशी गोळा केल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. 1916 च्या बडोदा परिषदेपासून अखिल भारतीय संगीत विद्यालयाचा विचार ते मांडत होते. 1924 आणि 1925 च्या लखनौ परिषदांनी त्याला बळ दिले. राय उमानाथ बली, संयुक्त प्रांताचे तत्कालीन शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि अवधचे तालुकदार पाठीशी उभे राहिले. 1926 मध्ये विद्यालय सुरू झाले. गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून ते ‘मॅरिस कॉलेज’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे परीखाना हेच त्याचे घर झाले.

सुरुवातीचा काळ खडतर होता. गुरुमुखातून मिळणारी विद्या वर्गात, फळ्यावर स्वरलिपी लिहून शिकवता येईल का, अशी शंका अनेक जाणकारांना होती. पैशाची ओढाताण तर नित्याचीच. 1928 मध्ये प्राचार्यपदाची धुरा श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे आली. भातखंडे यांचे हे शिष्य बडोद्याला उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडेही शिकले होते. वर्गातील शिस्त आणि घराण्याची तालीम यांची सांगड त्यांनी घातली. 1936 मध्ये भातखंडे यांचे निधन झाले, तरी रातंजनकरांनी संस्थेचा कणा ताठ ठेवला.

शंकेचे उत्तर शिष्यांनी दिले. कृ. गुं. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, चिदानंद नगरकर, सुमती मुटाटकर हे याच परंपरेत घडले. संगीतकार रोशन आणि गायक तलत महमूद यांनीही येथेच धडे गिरवले. व्ही. जी. जोग यांचे व्हायोलिन, मोहनराव कल्याणपूरकर यांचे कथक आणि उस्ताद अहमदजान थिरकवा यांचा तबला विद्यार्थ्यांना येथे प्रत्यक्ष गुरूंकडून शिकता आला.

1966 मध्ये राज्य शासनाने संस्था आपल्याकडे घेतली आणि तिला संस्थापकाचे नाव दिले. 2000 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तर 2022 मध्ये ‘भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय’ या नावाने ते राज्य विद्यापीठ झाले. दरबारासाठी उभारलेल्या वास्तूत आज कोणत्याही घरातला विद्यार्थी प्रवेश घेऊन गायन, वादन, नृत्य शिकतो. संगीताचे शिक्षण सर्वांना खुले व्हावे, हा भातखंडे यांचा आग्रह या संस्थेने शंभर वर्षे निष्ठेने जपला आहे.