वाद्यांविना गाणाऱ्या बेटांचा संगीतकार

फॅरो बेटे नकाशात सापडायला मला भिंग घ्यावे लागले. स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलँड यांच्या मधोमध अटलांटिक महासागरात ही अठरा बेटे आहेत. सगळी मिळून सुमारे १४०० चौरस किलोमीटर जमीन आणि आजची लोकसंख्या जेमतेम पंचावन्न हजारांच्या आसपास. आपल्याकडे तालुक्याच्या गावाला एवढी वस्ती असते. अशा ठिकाणच्या एका माणसाला २००२ साली त्याच्या पहिल्या सिम्फनीसाठी नॉर्डिक कौन्सिलचे संगीत पारितोषिक मिळाले, आणि ते मिळवणारा तो पहिला फॅरोवासी ठरला. त्याचे नाव सुनलाइफ रासमुसेन.

रासमुसेन यांचा जन्म १९६१ चा, सांदॉय बेटावरच्या सांदुर गावचा. आज समुद्राखालच्या बोगद्यातून मोटारीने सांदॉयला जाता येते, पण तो बोगदा सुरू झाला २०२३ च्या डिसेंबरात. त्यांच्या लहानपणी राजधानी तोरशाव्नला जायचे तर बोटीशिवाय गत्यंतर नव्हते. पुढे ते कोपनहेगनच्या रॉयल डॅनिश संगीत अकादमीत इब नोरहोल्म यांच्याकडे रचनाशास्त्र शिकले. ही सिम्फनी त्यांनी १९९५ ते १९९७ या काळात लिहिली. तिच्या नावाचा मराठीत अर्थ होतो 'सागरी दिवस'.

पण मला खरे नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. ज्या समाजाच्या परंपरेत वाद्येच जवळजवळ नव्हती, त्यातला माणूस वाद्यवृंदासाठी लिहू लागला तर तो कशावर उभा राहतो?

फॅरोमधले जुने संगीत म्हणजे माणसाचा गळा आणि पाय. लोक हातात हात गुंफून साखळी करतात आणि शेकडो कडव्यांची वीरगीते म्हणत फेर धरून नाचतात. साथीला काही नाही, पावलांचा ठेका तेवढा. दुसरा प्रवाह चर्चचा. डेन्मार्कमधले बिशप थॉमस किंगो यांचे स्तोत्रांचे पुस्तक १६९९ साली निघाले आणि ते फॅरोमध्ये घरोघर रुजले. पुस्तक डॅनिश, पण चाली हळूहळू तिथल्या लोकांच्या झाल्या. ऑर्गन नसल्याने सारी मंडळी अतिशय संथ लयीत गात. प्रत्येक जण आपल्या परीने स्वरांना वळण देई, कुणी पुढे तर कुणी मागे. एकच चाल, पण जितके गळे तितक्या वाटा. परक्या कानांना तो गोंधळ वाटावा!

एकोणिसाव्या शतकात ऑर्गन येऊ लागला आणि सर्वांना एका रेषेत आणू लागला. ऑर्गनला मींड ठाऊक नाही आणि थांबणेही ठाऊक नाही. जुने गाणे हळूहळू दूरच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांपुरते उरले. पुढे मारियाने क्लाउसेन या डॅनिश अभ्यासक बाईंनी ध्वनिमुद्रणे पुन्हा पुन्हा ऐकून अशा कितीतरी चाली स्वरलिपीत उतरवल्या. केवढे चिकाटीचे काम!

रासमुसेन यांनी या ठेव्याचे काय केले, ते मला महत्त्वाचे वाटते. लोकगीताची चाल उचलून तिला व्हायोलिनचे अस्तर लावणे सोपे होते. त्यांनी बहुतेक वेळा तसे केले नाही. जुन्या चालीतली स्वरांची अंतरे घेऊन त्यांतून ते स्वरांचा नवा साठा तयार करतात आणि त्यावर रचना उभारतात. त्यामुळे मूळ चाल ओळखू येतेच असे नाही, पण ती पायात असते. निसर्गालाही ते असेच हाताळतात. २००९ साली मिकाला पेट्री या विख्यात वादिकेसाठी त्यांनी रेकॉर्डर, म्हणजे तोंडाने फुंकायची उभी बासरी, आणि वाद्यवृंद यांचा कॉन्चेर्तो लिहिला. पक्षी गाऊन आपापली हद्द सांगतात, ही त्यामागची कल्पना.

२००६ साली तोरशाव्नच्या नॉर्डिक हाऊसमध्ये त्यांचा ऑपेरा झाला. हा फॅरोचा पहिला ऑपेरा. कथा विल्यम हाइनसेन यांची. हाइनसेन तोरशाव्नचेच, पण आयुष्यभर त्यांनी डॅनिशमध्ये लिहिले. ऑपेरा मात्र फॅरोईजमध्ये गायला गेला. जी भाषा १९३८ पर्यंत शाळेतही डॅनिशच्या बरोबरीला बसू शकत नव्हती, ती रंगमंचावर वाद्यवृंदासह उभी राहिली. भाषेच्या मास्तराला याचा आनंद होणारच.

ऑर्गनविषयी वाचताना मात्र मी थोडा अस्वस्थ झालो. कारण तो ऑर्गन मीही होतो. माझ्या वर्गातली एक मुलगी आजीची जात्यावरची ओवी म्हणायची. प्रत्येक ओळीला तिचा निराळा श्वास, निराळा थांबा. स्नेहसंमेलनासाठी मी ती ओवी पेटीवर बसवली, केरव्यात घातली आणि तिच्याकडून घोटून घेतली. बक्षीसही मिळाले. काही महिन्यांनी मी तिला म्हटले, "अगं, तुझ्या आजीसारखी म्हणून दाखव बरं." तिने प्रयत्न केला, पण गळ्यातून येत होती माझीच चाल. म्हणाली, "गुरुजी, आता तशी येत नाही."

मी वाईट हेतूने केले नव्हते. चर्चमध्ये ऑर्गन आणणाऱ्यांचाही हेतू वाईट नसणार. आम्हा दोघांनाही वाटले, आपण गाणे सुधारतो आहोत. रासमुसेन यांच्या पिढीला म्हाताऱ्यांचे ते 'न सुधारलेले' गाणे मिळाले, म्हणून त्यावर नवे काही रचता आले.

हे लिखाण वाचणाऱ्यांत आमचे पुष्कळ नातेवाईक आहेत, म्हणून सांगतो. आपल्या घरात अजून दोघी-तिघी म्हाताऱ्या आहेत, ज्यांना जुन्या ओव्या आणि पाळणे येतात. दिवाळीत जमाल तेव्हा मोबाईलवर त्यांचा आवाज घेऊन ठेवा. मधे बोलू नका, ताल धरू नका. त्या थांबल्या तर थांबू द्या. आणि कृपा करून पेटी बाहेर काढू नका, माझीसुद्धा!