हंगामाआधीचे मैदान

श्रावणातल्या झडीने गोदावरीचे पाणी चढू लागले की नाशिककर ते दुतोंड्या मारुतीवर मोजतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, असा निरोप पंचवटीपासून पार नाशिकरोडपर्यंत पोहोचतो. भाद्रपद सरत येऊन तेच पाणी मूर्तीच्या पायांखाली उतरले, म्हणजे शहराच्या दुसऱ्या अंगाला, त्र्यंबक रस्त्यावरील गोल्फ क्लब मैदानावर, निराळी मोजदाद सुरू होते. खेळपट्टीच्या मातीत ओल किती उरली आहे, गवत आज कापावे की आणखी चार दिवस राहू द्यावे, रोलर फिरवला तर माती बसेल की त्याला चिकटून वर येईल, याचा विचार करीत माळी भल्या पहाटे वाकून जमीन चाचपत असतो. क्रिकेटचा हंगाम पंचांगात लिहिलेला नसतो. या मुलखात तो पावसाच्या मर्जीने सुरू होतो, आणि त्याच्या आधीचे हे तीन-चार आठवडे, ज्यांची नोंद कोणत्याही धावफलकात सापडत नाही, तेच मला खेळाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटत आले आहेत.

मैदानाचा स्वतःचा इतिहासही लहान नाही. इंग्रजी अंमलात साहेबलोकांच्या गोल्फवरून जे नाव या जागेला पडले ते लोकांच्या तोंडी आजही टिकून आहे. लगत शहाजहानी ईदगाह आहे. आणि सरकारदरबारी मैदानाचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर ज्या कोवळ्या तरुणाने गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात जो फासावर गेला, त्याचे नाव राज्यकर्त्यांच्या विरंगुळ्याच्या जागेला लाभावे, ही घटना या शहराच्या स्वाभिमानाला साजेशीच झाली.

खेळाच्या नकाशावर मात्र नाशिकचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. रेल्वेने, व्यापाराने आणि नोकरीधंद्याने हे शहर शतकाहून अधिक काळ मुंबईशी जोडले गेले आहे; पण १९३४-३५ साली रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली तेव्हा प्रांतांच्या ज्या सरहद्दी क्रिकेटने मानल्या, त्या १९६० साली मराठी राज्य एक झाल्यावरही पुसल्या गेल्या नाहीत. एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ नांदतात, आणि नाशिकच्या मुलाची वाट कसाऱ्याचा घाट उतरून मुंबईला न जाता संगमनेरवरून पुण्याला जाते. मुंबईकरांनी १९४८ पासून कांगा लीगच्या रूपाने भर पावसात, चिखलात खेळण्याची वहिवाट पाडली. आमच्याकडे पावसाळा हा थांबण्याचा, अंग कमावण्याचा आणि वाट पाहण्याचा काळ राहिला. मुंबईचा फलंदाज ओल्या खेळपट्टीवर जे शिकतो ते आमच्या फलंदाजाला आश्विनात, नेटमध्ये, घाईघाईने शिकावे लागते, आणि महाराष्ट्राच्या संघाने पहिल्या सामन्यात जी चाचपड वर्षानुवर्षे केली तिचे एक कारण माझ्या मते इथेच आहे.

या नेटचा इतिहास लिहायचा झाला तर आरंभ पुण्यात, पळवणकर बाळू या नावापासून करावा लागेल. १८७६ साली जन्मलेला हा चर्मकार समाजातील तरुण पुण्याच्या युरोपियन क्लबात महिना चार रुपयांवर चाकरीस होता. नेट बांधणे, खेळपट्टी झाडणे, रोलर ओढणे हे त्याचे काम, आणि सभासद सरावाला आले की त्यांना चेंडू टाकणे हेही कामच. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज इतरांच्या आधी येऊन तासन्‌तास त्याच्याकडून गोलंदाजी करवून घेई, आणि आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देई, अशी कथा सांगतात. बाळूला तेथे बॅट हाती धरण्याची मुभा नव्हती. पुढे हिंदूंच्या संघात त्याला घेतले तेव्हाही चहा त्याला तंबूबाहेर, वेगळ्या भांड्यातून मिळे. आणि त्याच बाळूने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. ज्या नाशकात १९३० साली काळारामाच्या दारासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथील वाचकाला या हकिकतीचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही. मला येथे एवढेच नोंदवायचे आहे की मराठी मुलखातील पहिला थोर गोलंदाज सामन्यांत घडण्याआधी सरावाच्या जाळ्यात, दुसऱ्याच्या तयारीसाठी राबताना घडला.

प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. संस्कृतच्या या प्राध्यापकाने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. असली खेळी ऐनवेळी अंगात येत नसते, तिच्यामागे कित्येक वर्षांचे नेमाचे कष्ट उभे असतात. त्यानंतर करंडक पुन्हा आलेला नाही. १९७०-७१ साली अंतिम सामन्यात मुंबईकडून ४८ धावांनी, १९९२-९३ साली पंजाबकडून आणि २०१३-१४ साली कर्नाटकाकडून पराभव, एवढाच पुढचा हिशेब आहे, आणि तो लिहिताना हात जड होतो.

नाशिकने या परंपरेला दिलेला सर्वांत मोठा पुरुष म्हणजे बापू नाडकर्णी. जन्म ४ एप्रिल १९३३ रोजी नाशिकचा, विद्यापीठाचे क्रिकेट पुण्याचे, रणजीतील पदार्पण १९५१-५२ साली महाराष्ट्राकडून, आणि कारकीर्दीचा उत्तरार्ध मुंबईचा. ४१ कसोटींत १,४१४ धावा आणि ८८ बळी हे त्यांचे आकडे. कानपूरला इंग्लंडविरुद्ध एकाच सामन्यात नाबाद ५२ आणि नाबाद १२२ अशा दोन खेळ्या त्यांनी केल्या, तरी लोकांच्या स्मरणात राहिला तो जानेवारी १९६४ मधील मद्रासचा दिवस. एकामागून एक एकवीस निर्धाव षटके, सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही, आणि डावाअखेर ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी. त्या पृथक्करणाकडे कौतुकाने पाहणाऱ्यांनी त्याचे मूळही पाहावे. नाडकर्णी सरावाच्या वेळी चेंडूच्या टप्प्याच्या जागी खेळपट्टीवर एक नाणे ठेवीत आणि त्या नाण्यावर चेंडू पाडण्याचा प्रयत्न पुनःपुन्हा करीत. समोर फलंदाज असो वा नसो, नाणे जागचे हलत नसे; डावखुरा हात वर जाई, चेंडू पडे, आणि तो कोठे पडला हे पाहून गोलंदाज पुन्हा मागे वळे. मद्रासला इंग्लंडचे फलंदाज बचावच करीत होते हे खरे, पण १३१ चेंडूंत एकही सैल न पडणे ही सिद्धी त्या दिवशीची नव्हती.

आजही गोल्फ क्लबावर दसऱ्याच्या सुमारास जाळ्यामागे उभे राहिले तर हीच साधना दृष्टीस पडते. नव्या चेंडूचा शिवणीचा कडक आवाज, बुटांच्या खिळ्यांत भरलेली काळी माती यष्टीच्या टोकाने काढणारा पोरगेलासा वेगवान गोलंदाज, फलंदाजाने मारलेला चेंडू जाळीत अडकला तरी क्षेत्ररचना मनाशी धरून 'चौकार!' किंवा 'झेल!' असा निवाडा देणारे मागचे सवंगडी. आणि सभोवतालच्या पट्ट्यावरून फिरायला आलेले वडीलधारे, जे दोन फेऱ्यांच्या मध्ये थांबून एखाद्या मुलाच्या डाव्या कोपराविषयी मत देऊन जातात. याच जिल्ह्यातून डावखुरा फिरकी गोलंदाज सत्यजित बच्छाव महाराष्ट्राच्या संघात गेला, सिन्नरची माया सोनवणे आपल्या विलक्षण शैलीच्या लेगस्पिनने २०२२ साली महिलांच्या टी-ट्वेंटी चॅलेंजपर्यंत पोहोचली, आणि रामकृष्ण घोषला चेन्नई सुपर किंग्जने आपल्या ताफ्यात घेतले. जानेवारी २०२५ मध्ये याच मैदानावर महाराष्ट्राने बडोद्याला ४३९ धावांनी हरवले.

हंगामापूर्वीच्या खेळावरून भाकिते करण्याचा मोह प्रत्येक चाहत्याला होतो, आणि मलाही होतो. २०२५ च्या ऑक्टोबरात गहुंज्याच्या सराव सामन्यात मुंबईविरुद्ध महाराष्ट्राच्या नव्या सलामीवीराने, पृथ्वी शॉने, १८१ धावा काढल्या तेव्हा करंडकाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध तो शून्यावर बाद झाला आणि महाराष्ट्राचे पाच गडी अवघ्या १८ धावांत तंबूत परतले. ऋतुराज गायकवाडच्या ९१ धावांनी आणि जलज सक्सेनाच्या साथीने तो डाव सावरला. म्हणून सरावातील धावा मोजू नयेत. सरावातील सवयी पाहाव्यात. कोण उन्हात शेवटपर्यंत थांबतो, कोण चुकलेला फटका स्वतःहून पुन्हा मागतो, बाद झाल्यावर कोण जाळे सोडताना गोलंदाजाकडे चेंडू परत टाकतो, यावरून संघाविषयी जितके कळते तितके सराव सामन्याच्या धावफलकावरून कळत नाही.

नाशिकच्या क्रीडामंडळांना माझी एक विनंती आहे. सामन्यांची दफ्तरे आपण ठेवतोच. यापुढे हंगामापूर्वीच्या सरावाचीही एक वही ठेवावी. खेळपट्टी कोणत्या तारखेला तयार झाली, रोलर कोणी ओढला, जिल्ह्याच्या संघाला नेटमध्ये चेंडू टाकायला कोणकोण मुले आली, त्यांतले कोण खेडेगावांतून पहाटेच्या एस. टी.ने आले, हे त्यात नावानिशी लिहावे, आणि पहिले पान माळ्याच्या नावाने सुरू करावे.