तळटीप ७ : ‘उपजत खोड’
७. उपजत खोड : जनावराच्या अंगी जन्मतःच दिसणारा दोष, येथे कातडीचा. बीड जिल्ह्यातला परळी भाग लाल कंधारी गोवंशाच्या पट्ट्यात येतो, तेव्हा लेखकाचा रोख त्याच गुरांवर असावा. मात्र ‘उपजत ते सारे रक्तातले’ हे त्याचे गृहीत मान्य करता येत नाही. गाभण गाईला लम्पीची लागण झाली तर वासरू अंगावर गाठी घेऊन जन्मू शकते. २०२२च्या साथीनंतर हे ध्यानात ठेवायलाच हवे. तो विषाणूचा परिणाम आहे, वंशाचा नव्हे. याउलट खुरांच्या वर किंवा गुडघ्यांवर कातडीच न धरलेले, लाल मांस उघडे पडलेले वासरू बहुधा आनुवंशिक दोषाचे असते आणि जंतुसंसर्गाने लवकर दगावते. आईबाप धडधाकट असताना दोष रक्तातला कसा, ही शंका रास्त आहे. पण हा दोष सुप्त राहतो, दोघांकडून आला तरच उमटतो, आणि अशा जोडीच्याही सरासरी चारांतल्या एकाच वासरात. म्हणून ग्रहणाला किंवा एकट्या गाईला बोल लावणे चूक आहे. अशा वासराचा बाप असलेला वळू पैदाशीला ठेवू नये, आणि कोणत्याही वळूकडून त्याच्याच कालवडी फळवू नयेत. – संपा.