गिरडच्या टेकडीवरचे नारळ

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड आहे. तिथल्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू आणि मुसलमान दोघेही दर्शनाला जातात. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरकारांनी नोंदलेल्या परंपरेनुसार तीस वर्षे फकिरी करत हिंडलेले फरीद १२४४च्या सुमारास इथे स्थिरावले. वाटेने जाणाऱ्या दोन व्यापाऱ्यांनी त्यांची थट्टा केली, तर त्यांच्या सगळ्या मालाचे दगड झाले. त्यांनी माफी मागितल्यावर वाळक्या पानांचा नवा माल झाला. टेकडीवर मिळणारे वाटोळे गोटे म्हणजे त्या मालातले नारळ. भूशास्त्रात त्यांना जिओलाइट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात राहिलेल्या पोकळ्यांत ही खनिजे साचत गेली.

पंजाबातल्या पाकपट्टनच्या बाबा फरीद गंजशकर यांच्याविषयीही अशीच कथा आहे. गोण्यांत काय, असे त्यांनी एका व्यापाऱ्याला विचारले. आत साखर असूनही तो ‘मीठ’ म्हणाला, आणि मीठच झाले. दोन्ही ठिकाणी नाव फरीदच, त्यामुळे ऐकणारा कोणता फरीद हे न विचारताच आपल्या ओळखीचा संत मनात धरतो.

गिरडच्या छापील हकिकतीत थट्टेचे शब्द नाहीत. मराठी माणसाला ते लागतही नाहीत, कारण बोललेले खरे होते हा धाक त्याच्या घरातच असतो. वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणत असतो, म्हणून वाईट बोलू नये, असे मुलांना बजावतात. निरोप घेताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात.

या रीतीचा सर्वांत मोठा भार ‘वाढणे’ या क्रियापदाने उचलला आहे. मूल वाढते तेव्हा ते मोठे होते. बांगडी वाढते तेव्हा ती फुटलेली असते. ‘भात वाढा’ म्हटले की पानात पडतो. रात्री दुकान वाढवले म्हणजे फळ्या लागल्या, कुलूप पडले. धंद्याच्या बरकतीशी त्याचा संबंध नाही. कोणता अर्थ घ्यायचा ते शेजारचा शब्द आणि वेळ सांगते, पण फुटणे नि बंद होणे ही अक्षरे तोंडातून का काढायची नाहीत हे वाक्यात कुठेच नसते. देवापुढे नारळही फोडत नाहीत, वाढवतात.