निकषांबाहेर राहिलेल्या बायका

स्किझोफ्रेनियाचा रुग्ण म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो विशीतला मुलगा. अभ्यास सुटलेला, मित्र तुटलेले, अंघोळीची टाळाटाळ, दिवसभर दार लावून बसणे. ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने हा आजार मराठी प्रेक्षकाला जवळून दाखवला, त्यातला शेषही पुरुषच. हे चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे, आणि ते अर्धे राहण्यात मनोविकारशास्त्राच्या मोजण्याच्या रीतीचा मोठा हात आहे. स्त्री-पुरुषांत या आजाराच्या सुरुवातीचा फरक आहेच. मात्र तो मूळ लक्षणांत थोडा आणि वयात बराच आहे. एवढी गोष्ट कळायला विसावे शतक सरत आले, कारण आजार कधी सुरू झाला हे ठरवण्याच्या रीतीच पुरुषाच्या आयुष्यक्रमावर बेतलेल्या होत्या.

या रीतीचा उगम जर्मनीतल्या मनोरुग्णालयांत आहे. १८७१ मध्ये हेकरने तरुण वयात माणसाला ग्रासणाऱ्या एका मनोविकाराचे वर्णन केले. पुढे हायडेलबर्गला एमिल क्रेपेलिनने रुग्णागणिक एकेक कार्ड लिहून आजाराची वाटचाल नोंदवली आणि १८९९ मधल्या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत अशा विकारांना ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ या एकाच नावाखाली आणले. झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलरने १९०८ मध्ये त्याला ‘स्किझोफ्रेनिया’ हे आजचे नाव दिले. पुरुष कमी वयात आजारी पडतात हे क्रेपेलिनच्या लक्षात आले होते. पण त्या काळच्या डॉक्टरांना भरवशाची तारीख मिळे ती रुग्णालयात दाखल झाल्याची. त्याआधीची वर्षे घरात गेलेली असत आणि घरातल्या वर्षांचे कार्ड कोणी लिहीत नव्हते. १९४३ मध्ये मानफ्रेड ब्लॉयलरने चाळिशीनंतर सुरू होणाऱ्या स्किझोफ्रेनियाचा अभ्यास प्रसिद्ध केला, १९५५ मध्ये इंग्लंडच्या मार्टिन रॉथने उतारवयातले असेच रुग्ण नोंदवले. त्यांत बायकाच जास्त होत्या. पण या रुग्णांसाठी वेगळी नावे काढली गेली आणि मुख्य आजार तरुणांचा तो तरुणांचाच राहिला.

खरी काटछाट झाली ती १९७० नंतर. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या डॉक्टरांनी १९७२ मध्ये निदानाचे निकष प्रसिद्ध केले. ते फाइनर निकष म्हणून ओळखले जातात. त्यांत लक्षणांखेरीज पाच गोष्टींची एक यादी होती आणि त्यांतल्या किमान तीन जुळाव्या लागत: रुग्ण अविवाहित असणे, आजारापूर्वी समाजात किंवा कामावर नीट न रुळणे, घराण्यात हा आजार असणे, आदल्या वर्षात दारू वा अमली पदार्थांचा अतिरेक नसणे, आणि आजार चाळिशीच्या आत सुरू होणे. ही यादी तिशीतल्या एखाद्या विवाहित शिक्षिकेला लावून पाहा. शेजारी आपल्या पाण्यात विष घालतात अशी तिची खात्री झाली आहे, कानांत आवाज येतात. पण ती संसार करते आहे, कालपर्यंत शाळेत शिकवत होती आणि घराण्यात कोणालाही असा आजार नाही. पाचांपैकी दोनच गोष्टी जुळतात, म्हणून या निकषांनी ती स्किझोफ्रेनियाची रुग्ण ठरत नाही. १९८० च्या अमेरिकी निदानपुस्तिकेने, म्हणजे डीएसएम-३ ने, आजार ४५ च्या आत सुरू झालाच पाहिजे अशी अट घातली आणि १९८७ मध्ये ती काढून टाकली. निकष जितके कडक तितक्या यादीतल्या बायका कमी, हे लेविन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या नोंदींवरून १९९३ मध्ये तेच पुन्हा दिसले.

निकष कडक करण्यामागे काही स्त्रीद्वेष नव्हता, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. त्या काळी अमेरिकेत स्किझोफ्रेनियाचे निदान इतके सैलपणे होई की त्यावर संशोधन उभे राहणे अवघड होते, आणि एकसारखे रुग्ण निवडण्यासाठी चाळणी लागणारच होती. पण लग्न झाले की नाही हा मेंदूच्या आजाराचा गुणधर्म नव्हे. मुलींची लग्ने मुलांपेक्षा लवकर होतात, त्यामुळे ही अट हेतू नसतानाही बायकांनाच वगळते.

आजार नेमका कधी सुरू होतो हे कोडे सुटले ते हाइन्ट्स हेफ्नर यांच्या जर्मनीतल्या मानहाइममधल्या अभ्यासाने. १९८७ ते १९८९ या काळात, सुमारे १५ लाख वस्तीच्या टापूतून पहिल्यांदाच दाखल झालेले १२ ते ५९ वयाचे २३२ रुग्ण त्यांनी घेतले. प्रत्येक रुग्णाला आणि जवळच्या नातेवाइकांना बसवून, आयुष्यातल्या ठळक घटनांच्या आधाराने, पहिले लक्षण कधी दिसले इथपर्यंत माग काढला. बहुतेकांचा आजार दाखल होण्याच्या काही वर्षे आधीच सुरू झाला होता, आणि तोही भासांनी नव्हे. अस्वस्थता, उदासी, चिंता, लक्ष न लागणे, माणसांपासून दूर होणे यांनी. ही पूर्वलक्षणे दोघांत बरीचशी सारखी होती. वागणे मात्र निराळे: पुरुषांत स्वतःची हेळसांड, कामातली बेफिकिरी, व्यसन जास्त, बायकांत जुळवून घेण्याची धडपड जास्त. बायकांचा आजार तीन ते पाच वर्षे उशिरा सुरू होत होता आणि ४५ ते ४९ या वयात त्यांच्यात आणखी एक लहान उंचवटा दिसत होता. डीएसएम-३ ने दार बंद केले होते ते नेमके याच वयाला.

यावर पहिली शंका अशी की बायकांचे विचित्र वागणे घरात जास्त काळ सोसले जात असेल, म्हणून त्या उशिरा दाखल होत असतील. पण फरक पहिल्या लक्षणापाशीच दिसतो, तेव्हा नुसत्या सोसण्याने त्याचा उलगडा होत नाही. हेफ्नर यांनी इस्ट्रोजेनच्या संरक्षणाकडे बोट दाखवले. रजोनिवृत्तीच्या सुमाराचा उंचवटा त्याच्याशी जुळतो. मेलबर्नच्या जयश्री कुलकर्णी यांनी २००८ मध्ये १०२ स्त्रियांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात नेहमीच्या औषधांना २८ दिवस इस्ट्रोजेनच्या पट्टीची जोड दिल्यावर भास आणि भ्रम अधिक कमी झाले. दुसरी शंका आपल्या जवळची आहे. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या १९९८ च्या अभ्यासात सुरुवातीच्या वयात असा फरक आढळलाच नाही. पण हेफ्नर यांच्याच गटाला २००० मध्ये दिसले की घराण्यात आजार असेल किंवा जन्माच्या वेळी गुंतागुंत झाली असेल, तर स्त्रियांचे हे संरक्षण उरत नाही. बाळंतपण जिथे जोखमीचे, तिथे फरक पुसट होणे अशक्य नाही. म्हणजे भारतातला हा निष्कर्ष इस्ट्रोजेनचा मुद्दा खोडतोच असे नाही, कदाचित फक्त त्याची मर्यादा दाखवतो.

जुने निकष आता पुस्तकांतून गेले आहेत, पण घराघरांत ते टिकून आहेत. चाळिशी ओलांडलेल्या बाईची झोप उडाली, संशय वाढला, ती माणसे टाळू लागली, तर पाळी जाण्याचा त्रास म्हणून आपण सोडून देतो. नीटनेटकी राहणारी, स्वयंपाक करणारी बाई आजारी असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. तिला मनोविकारतज्ज्ञाकडे नेताना दोनच गोष्टी कराव्यात: हे सगळे कधीपासून चालले आहे ते घरच्यांनी आठवून लिहून न्यावे, आणि डॉक्टरांनी वय पाहून शंका बाजूला ठेवू नये.